नावाची जागासुद्धा कोरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात जुन्या कॉम्प्युटरबद्दल जे छापून आलं होतं ते मी डबे भरता भरता वाचलं. विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता जुनं मशीन काढा आणि नवीन घ्या नाहीतर व्हायरसला दार उघडं, असा एकूण सूर होता. तो काही पटला नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं तर सुरुवातीचं कापा पण टचस्क्रीनचं कापू नका, कारण तेच मेन आहे.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, घरून डबे करते, रोजचे तीसेक होतात. २०१५ च्या दिवाळीत आमच्या बिल्डिंगमधल्या चौघींनी मिळून एकदम चार टॅबलेट घेतले होते, भिशीचे पैसे हातात होते आणि चार एकदम घेतले तर दुकानदार कव्हर फुकट देणार होता (दिलं, पण साइज चुकीचा). दहा इंची स्क्रीन, खाली चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड, म्हणजे लॅपटॉप पण आणि टॅबलेट पण, आत विंडोज, किंमत दहा हजाराच्या आसपास. बाकीच्या तिघींचे मुलांच्या गेममध्ये गेले नाहीतर माळ्यावर गेले. माझा मात्र गेली दहा वर्षं ओट्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभा आहे. कोणाचा गुरुवार, कोणाला भात नको, कोण गावी गेलंय, कोणाचे दोन महिन्यांचे बाकी आहेत, सगळं त्यातल्या एक्सेलमध्ये. आणि मुख्य म्हणजे कणकेचे हात असले तरी करंगळीने स्क्रीनवर टिचकी मारून हजेरी लावता येते. मोबाइलवर एवढा मोठा तक्ता दिसत नाही, चष्मा लावून सुद्धा.

आता त्यात आहे काय, तर इंटेलचा ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागा. त्या ३२ मधली बहुतेक विंडोजच खाऊन बसलेलं असायचं. मोठा अपडेट आला की मेसेज यायचा, जागा कमी आहे, बाहेरून पेनड्राइव्ह लावा. लावला की रात्रभर गोल गोल फिरायचं आणि सकाळी पुन्हा जसंच्या तसं. मग मी अपडेटचा नादच सोडला. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा मला खरं तर काही फरक पडायला नको होता, कारण मला तो आधीपासूनच मिळत नव्हता! एक वर्षाची वाढीव मुदत पण दिलीय म्हणे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती मशीनवर पाहिजे आणि ती माझ्या मशीनवर चढायलाच तयार नाही. विंडोज ११ चं तर नावच काढू नका, त्याला कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची चिप, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो.

इथे एक सांगते, मायक्रोसॉफ्टवर माझा फारसा राग नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि बंद व्हायची तारीख त्यांनी कितीतरी आधी सांगून ठेवली होती. दहा वर्षं म्हणजे काही कमी नाही. माझा राग आहे तो ज्यांनी हा डबा बनवून माझ्या गळ्यात मारला त्यांच्यावर. नाव लिहीत नाही, कारण लिहून उपयोग नाही, ते कोणाला आठवणार पण नाही. मशीन घेतल्यावर दोन वर्षांनी सर्व्हिस सेंटरला गेले तर तिथे मोबाइलच्या कव्हरचं दुकान लागलेलं, आणि वेबसाइट उघडली तर पानच उघडत नाही. म्हणजे ड्रायव्हर (टच, आवाज, वायफाय असा एकेक भाग चालवणारा प्रोग्राम) नाही, फोन नंबर नाही, मेल केला तर परत येतो. वॉरंटी कार्ड मात्र अजून आहे माझ्याकडे, चांगलं जाड पुठ्ठ्याचं.

तर एका दुपारी डबे पोचते करून गेले लॅमिंग्टन रोडला. विक्रोळीहून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. पाटीवर डॉ. भाडकमकर मार्ग लिहिलंय पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. पहिल्या दुकानात पोराने टॅबलेट हातात पण घेतला नाही, लांबूनच म्हणाला, "आंटी, ये तो भंगार में दे दो." दुसऱ्याने निदान चालू केला, मागे उलटून बघितलं, आणि म्हणाला की हँग होतोय तर फॉरमॅट मारून तेच विंडोज परत टाकून देतो पण टचची गॅरंटी नाही, कारण याचा ड्रायव्हर कुठे मिळत नाही. टचची गॅरंटी नाही म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर चांगलंच कळलं. तिसऱ्याने एक्स्चेंजमध्ये पाचशे सांगितले. तिथून मी फक्त एक ओटीजी हब (टॅबलेटला पेनड्राइव्ह, माउस एकदम लावायची पट्टी) घेऊन आले, कारण भाच्याने फोनवर सांगितलं होतं की रिकाम्या हाताने येऊ नकोस मावशी, हब आण.

भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं होतं लिनक्स टाकू. मी लिनक्स हे नाव ऐकून होते, पवईला आमच्या शेजारीच आयआयटी आहे आणि त्यांच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे (एक्सेल वगैरेच्या जागी चालणारं फुकटचं ऑफिस) धडे चक्क मराठीत आहेत, लॉकडाऊनमध्ये त्यातले दोनचार मी बघितले होते. १९९१ मध्ये फिनलंडच्या एका कॉलेजच्या मुलाने, लिनस टोरवाल्ड्सने, हे सुरू केलं आणि आता जगभरची माणसं त्यात भर घालतात, फुकट आहे, एवढं मला माहिती होतं. मला वाटलं विंडोज काढायचं आणि हे टाकायचं, गॅसचा सिलिंडर बदलतो तसं. भाच्यालाही तसंच वाटत होतं, त्याने कॉलेजात चार लॅपटॉपवर टाकलेलं.

पहिल्या रविवारी उबुंटूचा, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराचा, पेनड्राइव्ह बनवला. हबमध्ये पेनड्राइव्ह, माउस सगळं लावलं, डिलीट दाबून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा आतला प्रोग्राम) गेलो, सिक्युअर बूट नावाचं त्यातलं कुलूप बंद केलं, आणि मशीनला पेनड्राइव्ह दिसेचना. तोच पेनड्राइव्ह भाच्याच्या लॅपटॉपवर झटक्यात चालू. पेनड्राइव्ह बदलला, हब बदलला, माझ्या मिस्टरांनी येऊन फुंकर मारून पाहिली. दुपारचे चार वाजले तेव्हा कुठे कळलं की भानगड काय आहे. या ॲटमचा प्रोसेसर ६४ बिटचा, पण कंपनीने त्याला चालू करणारं जे फर्मवेअर (यंत्राच्या आत बसणारा छोटा प्रोग्राम) घातलंय ते ३२ बिटचं! म्हणजे हॉल मोठा बांधला आणि दार कपाटाचं लावलं. त्या काळात अशी स्वस्तातली मशीनं ढिगाने निघाली, ३२ बिटचं विंडोज टाकून विकली की झालं, पुढे कोणी दुसरं काही टाकेल याचा विचार कशाला करायचा. उबुंटूच्या नेहमीच्या पेनड्राइव्हमध्ये त्या छोट्या दारातून जाणारी फाइलच नसते. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या पेनड्राइव्हमध्ये असते. ही एवढीशी गोष्ट, पण कंपनीच्या एका ओळीच्या माहितीने आमचे सहा तास वाचले असते.

डेबियन चालू झालं आणि स्क्रीन आडवी! म्हणजे टॅबलेट नेहमीसारखा ठेवला तर अक्षरं सगळी डाव्या कुशीवर झोपलेली. कारण आतलं पॅनल मुळात उभं, मोबाइलसारखं, आणि कंपनीने ते आडवं बसवलंय, आणि विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये गुपचूप फिरवून घेतलंय. दुसऱ्या कोणाला ते सांगितलेलं नाही. मग भाचा सोफ्यावर आडवा झाला, मी मान वाकडी करून त्याच्या मागे उभी, आणि आम्ही त्या अवस्थेत भाषा निवडली, टाइमझोन कोलकाता निवडला, पासवर्ड घातला. डिस्कवरचं सगळं पुसायचं का असं विचारलं, भाचा म्हणाला हो, मी म्हटलं हो, आणि पुसलं. माझी एक्सेलची फाइल आधीच पेनड्राइव्हवर घेतली होती त्यामुळे मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

वायफाय पहिल्या फटक्यात लागलं, याचं भाच्याला फार आश्चर्य. याच्यात रियलटेकची एक चिप आहे, हौशी लोक तिचा ड्रायव्हर आपापला बनवून बसवायचे, २०१७ मध्ये तो लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आला. त्याला एक छोटी फर्मवेअरची फाइल लागते ती कंपनीची, तिचा सोर्स, म्हणजे आतला मूळ प्रोग्राम, उघडून बघायला मिळत नाही, म्हणून डेबियनवाले पूर्वी अशा फाइली आपल्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये घालत नसत, तत्त्व म्हणून. २०२२ मध्ये त्यांच्या सभासदांनी मतदान करून ठरवलं की घालायच्या, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या आत आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर तीन तास भांडणाऱ्या माझ्यासारखीला हे मतदान वगैरे वाचून जरा लाज वाटली.

मग आवाज. नाहीच. स्पीकर मुका, हेडफोनमध्ये पण काही नाही. इथे भाच्याने एक कमांड मारली, मशीनला विचारायची की बाबा तू कोण, तुझी कंपनी कोणती, मॉडेल कुठलं. प्रत्येक मशीनच्या बायोसमध्ये ही माहिती कारखान्यात भरून ठेवतात. संपादक साहेब, तिथे काय आलं माहितीय? कंपनीचं नाव: "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." मॉडेल: "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." सिरियल नंबर: तेच. म्हणजे बायोस बनवणाऱ्याने कोरा फॉर्म दिला होता, इथे मशीन बनवणाऱ्याने आपलं नाव लिहावं म्हणून, आणि यांनी तो भरलाच नाही. तसाच कोरा फॉर्म शाईत छापून हजारो मशीनमध्ये घातला आणि बाहेर खोक्यावर मात्र सोनेरी अक्षरात नाव. मी रेशनच्या फॉर्मवर एक रकाना सोडला तर परत पाठवतात मला.

हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, यातच सगळी गोम आहे. लिनक्समध्ये अशा मशीनच्या याद्या ठेवलेल्या असतात, की अमुक कंपनीचं तमुक मॉडेल असेल तर स्क्रीन फिरवून घ्या, मायक्रोफोन या तारेवर आहे, स्पीकर एकच आहे वगैरे. हे कंपनीने स्वतः बायोसमध्ये नीट लिहिलं तर यादीची गरजच नाही. लिहिलं नाही म्हणून कोणीतरी मशीन विकत घेऊन, उघडून, तपासून यादीत एक एक ओळ घालतं. आणि आमच्यासारखं मशीन असेल ज्याला नावच नाही, तर ते ओळखायचं कसं? तर काही मशीनची ओळख म्हणे बायोसच्या तारखेवरून पटवतात. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, जन्मतारखेवरून माणूस शोधायचा. या ॲटमवाल्या टॅबलेटचं असं सगळ्यात जास्त काम ज्याने केलंय तो हान्स द गूडे नावाचा नेदरलँड्सचा इंजिनिअर, रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीत होता. टच, बॅटरी, आवाज, स्क्रीनची दिशा, कुठलीही दुरुस्ती शोधायला जा, भाचा म्हणायचा मावशी, परत तोच माणूस. ज्यांनी माझ्याकडून दहा हजार घेतले त्यांनी नाव लिहिलं नाही, आणि ज्याला मी एक पैसा दिला नाही त्याचं नाव मला पाठ झालं.

आवाज शेवटी आला, सेटिंगमध्ये आउटपुट बदलून आणि एक पॅकेज नवीन टाकून. हळू येतो, पण फोडणीच्या आवाजात कुठला स्पीकर ऐकू येतो तसाही.

आता टच. स्क्रीनला बोट लावलं तर काहीच नाही, काच ती काच. शोधता शोधता जे कळलं ते असं, आतली टचची चिप सायलीड नावाच्या कंपनीची आहे आणि ही चिप म्हणजे डोक्याने रिकामी असते. दरवेळी मशीन चालू झालं की ड्रायव्हरने तिला एक फर्मवेअरची फाइल भरवायची, मग ती जागी होते. आणि ही फाइल प्रत्येक मॉडेलची वेगळी, कारण काच वेगळी, माप वेगळं. ती मिळते कुठे? विंडोजच्या टचच्या ड्रायव्हरच्या पोटात. आणि विंडोज कुठे आहे? ते आम्ही पुसलं. सोफ्यावर आडवं होऊन, हसत हसत, हो म्हणून. कंपनीची साइट चालू असती तर दोन मिनिटात उतरवून घेतली असती. आता जगात ती फाइल कुठे असेल तर माझ्यासारखं मशीन ज्याच्याकडे असेल त्याच्या विंडोजमध्ये, बाकी कुठे नाही. लॅमिंग्टन रोडचा तो दुसरा दुकानदार गॅरंटी नाही म्हणाला होता ते हे.

भाच्याचा चेहरा पडला. मला पण रडू येईलसं झालं, कारण टचशिवाय तो टॅबलेट माझ्या काय कामाचा, दर चपातीला हात धुवून माउस धरू का. दोन दिवस मी वहीत हिशोब लिहिला. मग बुधवारी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, चौघींनी एकत्रच घेतले होते की! वहिनींचा माळ्यावर होता. त्यांचा मुलगा शिडी लावून चढला, दिवाळीच्या कंदिलाच्या खोक्याखालून काढला, बॅटरी पार मेलेली, पूर्ण रात्र चार्जिंगला लावला तेव्हा सकाळी कुठे लोगो आला. आत तेच जुनं विंडोज आणि ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये सायलीडटच नावाची फाइल. भाच्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर तो कॉलेज सोडून आला, मी रागावले पण खोटं खोटं.

त्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर वेगळं काढायची पद्धत लोकांनी लिहून ठेवलीय, ती बघून काढलं, योग्य नावाने योग्य फोल्डरमध्ये ठेवलं, मशीन बंद चालू केलं, बोट लावलं आणि बाण हलला! फक्त उलटा. बोट वर नेलं की बाण खाली. आमच्याकडे एवढा आनंद झाला की अर्धा तास आम्ही तसंच उलटं वापरलं. मग मापाचे आकडे आणि दिशा घालून तेही सरळ झालं, ते त्याने एकट्याने केलं, मला विचारू नका.

अजून एक त्रास होता, मध्येच मशीन ठप्प व्हायचं, माउस पण हलायचा नाही, बटण दाबून बंदच करावं लागायचं. हा या ॲटमचा जुना रोग आहे, प्रोसेसर विश्रांतीला जातो आणि उठतच नाही. २०१५ पासून लोक त्याची तक्रार करतायत, नवीन लिनक्समध्ये बराच कमी झालाय म्हणे, आमच्याकडे मात्र आठवड्यात दोनदा झालं. चालू होतानाच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली की प्रोसेसरला गाढ झोपू देत नाही, डुलकी घेऊ देतं. तेव्हापासून एकदाही ठप्प नाही, बॅटरी थोडी लवकर उतरते, पण तो प्लगलाच असतो. कॅमेरा नाही चालत. त्याचा ड्रायव्हर लिनक्समधून २०१८ मध्ये काढून टाकला होता, २०२० मध्ये परत घेतला, आमच्या मशीनवर अजून अंधारच आहे. डबेवालीला कॅमेरा कशाला हवाय हे खरं, तरी लिहिते, कारण असं काही लिहिणारे लोक फक्त चाललं तेवढंच सांगतात.

आता महिना झाला. डेबियनने एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपसकट सगळं मिळून सहासात जीबी घेतली असेल, बाकी जागा मोकळी. माझी एक्सेलची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली, दोन ठिकाणी रंग गेले, बेरजा शाबूत. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट नावाची कीबोर्डची मांडणी शिकतेय, हाताला वळण लागायला वेळ लागतोय. एका वेळी दोन टॅबपेक्षा जास्त उघडले की श्वास लागतो त्याला, २ जीबी म्हणजे २ जीबीच. पण सिक्युरिटीचे अपडेट येतात, आणि ते पूर्ण होतात, दहा वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं.

मला म्हणायचंय ते एवढंच की मशीन मेलं नव्हतं. माझ्याकडे १९९८ चा मिक्सर आहे, त्याची कंपनी पण केव्हाच गेली, पण स्टेशनजवळचा माणूस वाइंडिंग करून देतो, कार्बन बदलून देतो, कारण मिक्सर उघडला की आतलं सगळं डोळ्याला दिसतं. कॉम्प्युटरचं तसं नाही, आतली एक छोटीशी फाइल कंपनीच्या तिजोरीत आणि कंपनी तिजोरीसकट गायब. उद्या हा टॅबलेट मी भंगारात घातला तर ई-कचऱ्याचे नियम आहेत, २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू, त्यात कचरा गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलीय. चांगलंच आहे. पण चालतं मशीन कचऱ्यात जाऊच नये म्हणून बनवणाऱ्याने काय करायचं? केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यावर कंपन्या आपली मॅन्युअल, सुट्या भागांची माहिती, सर्व्हिसचं ठिकाण देतात. मी आमची कंपनी शोधली, नाही सापडली. ज्या देतात त्या तशाही चांगल्याच आहेत, प्रश्न न देणाऱ्यांचा आहे.

म्हणून माझं म्हणणं, खोक्यावर एमआरपी छापतात तसं छापा की याचे ड्रायव्हर आणि फर्मवेअर किती वर्षं मिळतील. आणि विक्रीला आणायच्या आधीच त्या फाइली कुठल्यातरी सरकारी सर्व्हरवर जमा करून घ्या, कंपनी राहो न राहो. किती जागा लागेल, माझ्या टचची फाइल मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षा लहान आहे. सीडॅक ही सरकारी कॉम्प्युटर संस्था पुण्यात आहे, मुंबईत आहे, त्यांना हे अवघड नाही. आणि बायोसमधला नावाचा रकाना भरल्याशिवाय विकायलाच देऊ नका, हे तर फुकटात होईल. यावर भाचा म्हणतो, मावशी, चीनमधून तयार बोर्ड आणून वर स्टिकर लावणाऱ्याला स्वतःलाच माहिती नसतं आत काय आहे. मग त्याने विकू नये. मी आमटीत काय घातलंय ते मला माहिती नसेल तर डबा कोणाला देऊ?

तुमच्या वाचकांमध्ये ज्यांच्याकडे असे दहा इंची चुंबकाच्या कीबोर्डवाले टॅबलेट पडले असतील त्यांना एक विनंती, पुसायच्या आधी विंडोजच्या सिस्टिम३२ मधलं ड्रायव्हर्सचं आणि ड्रायव्हरस्टोअरचं अशी दोन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. लिनक्स टाका नाहीतर नका टाकू, पण ठेवा. बायोसची तारीख पण लिहून ठेवा. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, ते आम्ही केलं नाही, तुम्ही करा.

वहिनींचा टॅबलेट या रविवारी करायचाय. यावेळी फाइल हातात आहे त्यामुळे दुपारच्या जेवणाआधी होईल असं भाचा म्हणतो, जेवणात त्याने पुरणपोळी सांगितलीय. चौथ्या बाईंनी त्यांचा गेल्या वर्षीच भंगारवाल्याला दिला, दीडशे रुपयाला, त्या आता हळहळतायत.

आपली,
डबे करणारी एक वाचक,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)

ता. क. : कॅमेरा कोणाकडे चालू झाला असेल तर पेपरातून जरूर कळवा.